पडवीत बसलेली मुले

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात माझ्या वर्गात एक नवा मुलगा दाखल झाला. वडील फौजेत हवालदार. त्यांची बदली सरहद्दीकडे झाली, कुटुंब बरोबर नेता येईना, म्हणून आई मुलांना घेऊन भिवंडीस माहेरी आलेली. अर्धे वर्ष सरल्यावर आलेल्या मुलाला बसवावयाचे कोठे? बाक सारे भरलेले. मी त्याला दाराशी एक स्टूल दिले, ‘दोन दिवसांत सोय करतो’ म्हणालो आणि विसरलो. आमच्या शाळेमागे यंत्रमागांची खडखड दिवसभर चालते. दाराशी बसणाऱ्याला मास्तरांचे निम्मे बोलणे ऐकू येत नाही, हे वीस वर्षे या गावात शिकवणाऱ्या माणसास ठाऊक असावयास हवे होते.

७ डिसेंबरला ध्वजदिन आला. १९४९ पासून हा दिवस देशभर पाळतात. छोटे निशाण छातीवर लावावयाचे, डब्यात यथाशक्ती पैसे टाकावयाचे, आणि तो निधी शहीदांच्या कुटुंबांसाठी, माजी सैनिकांसाठी खर्च व्हावयाचा. मी नेहमीचे भाषण सुरू केले. भाषण मला बरे जमते. मुले रांगेने येऊन पैसे टाकू लागली. तो मुलगाही आला, दहाची नोट डब्यात घातली, निशाण लावून घेतले आणि परत दाराशी जाऊन स्टुलावर बसला. सैनिकांच्या कुटुंबांस आपण अंतर देता कामा नये, हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडात होते. ते मी तसेच गिळले.

त्या रात्री मला दापोली आठवली. मी इतिहासकार नव्हे, मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्यांच्या निमित्ताने जुनी पाने चाळीत असतो, एवढेच.

दापोलीला ‘कॅम्प’ म्हणत, ते इंग्रजांच्या छावणीमुळे. पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी पेन्शनर तेथे येऊन राहिले. त्यांत महार पलटणींतले सुभेदार-जमादार पुष्कळ. कंपनीच्या फौजेत एक गोष्ट मोठी चांगली होती. हिंदी शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिक्षण सक्तीचे होते. बाबासाहेब आंबेडकरांनीच हे नमूद करून ठेवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पुण्याच्या फौजी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षक म्हणून तयार झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. ज्या काळी गावच्या शाळेत महाराच्या मुलास कोणी उभे करीत नव्हते, त्या काळी छावणीत त्याच्याच घरच्या बायका पोथी वाचीत होत्या.

पण छावणीचे फाटक ओलांडले, की ते सारे मागे राही. १८९० नंतरच्या वर्षांत दापोलीच्या पेन्शनरांनी आपली मुले नगरपालिकेच्या शाळेत धाडली, तेव्हा त्यांना वर्गात न घेता पडवीत बसवण्यात आले. बापाने सरकारसाठी गोळ्या झेललेल्या. पोर मात्र उंबऱ्याबाहेर! हे पेन्शनर गप्प बसणारे नव्हते. अर्ज कसा लिहावा, कोणाकडे धाडावा, हे फौजेने त्यांना शिकवले होते. त्यांनी अर्जांचा सपाटाच लावला. त्यांचे पुढारी गोपाळबुवा वलंगकर हे स्वतः पलटणीचे पेन्शनर. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरतीच थांबवली, तेव्हा त्याविरुद्धचे विनंतीपत्रही त्यांनीच सिद्ध केले. भरती थांबल्याने नोकरी तर गेलीच. पण मला वाटते, त्याहून मोठे नुकसान असे की त्यामागून येणारी शाळाही गेली.

रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर दापोलीस राहावयास आले होते; पुढे त्यांनी साताऱ्यास बिऱ्हाड हलवले. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरातला क्रमांक १९१४. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो आणि फटाक्यांच्या धुरात बहुधा आमच्याच ध्यानात राहत नाही. त्या शाळेत सुभेदाराचा हा मुलगा कोपऱ्यात गोणपाटावर एकटा बसे. ते गोणपाट शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी पुन्हा आणावयाचे. सुभेदार त्या वेळी नोकरीनिमित्त परगावी, खटाव तालुक्यात तळ्याच्या कामावर खजिनदार होते. बाप दूर, आई वारलेली, आणि काखेत गोणपाट. लष्करी माणसाच्या घरचे असे चित्र आमच्या धड्यांत फारसे येत नाही.

त्याच साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. १९६३ मध्ये केंद्र सरकारने वीस पलटणी शाळा आपल्याकडे घेऊन केंद्रीय विद्यालयांची सुरुवात केली. बदलीवर फिरणाऱ्या बापाच्या मुलाला दर गावी तोच अभ्यासक्रम मिळावा, हा हेतू. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलांची वसतिगृहे झाली. ठाण्यास आमचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. सोयी झाल्या, नाही असे नाही. पण नोव्हेंबरात भिवंडीत येऊन पोहोचलेल्या पोराला बाक द्यावयाचे काम कोणत्या कार्यालयाचे?

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावरच्या तिघांना सरकावयास सांगितले. ते कुरकुरत सरकले. मुलगा दप्तर घेऊन आला, काही बोलला नाही. महिन्याभराने कळले, गणितातला एक अख्खा धडा त्याला दाराशी ऐकूच आला नव्हता. तो मी त्याला शाळा सुटल्यावर पुन्हा शिकवला.

मार्चात हवालदार रजेवर आले. शिक्षण भत्त्यासाठी शाळेचा दाखला हवा होता. “मास्तरसाहेब, पोरगं त्रास देत नाही ना?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “तो नव्हे हो, मीच दिला त्याला थोडा.” त्यांना वाटले, मास्तर थट्टा करतात. ते हसले. मी दाखला लिहून काढला आणि हेडमास्तरांच्या सहीसाठी त्यांना घेऊन गेलो.