उभ्या गाडीचा पोचा आणि सहा हजारांचा आकडा

रस्त्याकडेला नीट उभ्या असलेल्या गाडीला कुणी ठोकलं, तर चूक कुणाची हे ठरवायला फार डोकं लागत नाही. तरीही आपल्याकडे अशा गाडीचा दरवाजा दुरुस्त होतो तो बहुतेक वेळा मालकाच्या स्वतःच्या पॉलिसीतून किंवा खिशातून, आणि ठोकणारा मोकळा सुटतो. याचं खापर आपल्या ‘जाऊ द्या, मिटवून टाका’ वृत्तीवर फोडायची पद्धत आहे. मला ते निदान अपुरं वाटतं. मुळात या बाबतीत कायदा कडकच आहे : १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी चालकाने लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलीस ठाण्यात कळवावं. असा नियम असूनही पोच्याची नोंद होत नाही, त्यामागे स्वभावापेक्षा पैशाचा हिशेब जास्त आहे, आणि तो हिशेब कायद्याने व विमाधंद्याने मिळून घडवला आहे.

सक्तीचा मोटार विमा आला १९३९च्या कायद्यात. ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ रोजी. त्यात विचार होता तो माणसाच्या मृत्यूचा आणि इजेचा. मालमत्तेचं नुकसान सक्तीच्या कक्षेत आलं १९६९च्या दुरुस्तीने, आणि त्यासाठी मर्यादा ठरली २,००० रुपये. (इथे आपण इंग्लंडच्या पुढे होतो म्हणायचं, तिकडे हा भाग सक्तीचा व्हायला १९८८ साल संपत आलं.) १९८२च्या दुरुस्तीने ही मर्यादा ६,००० झाली. पुढच्याच वर्षी मारुती ८०० बाजारात आली, साधारण ४७,५०० रुपयांना. म्हणजे नव्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढी ही रक्कम होती. पत्रा ठोकून रंग मारायला पुरेशी. पण १९८८चा नवा कायदा करताना मृत्यू आणि इजेची जबाबदारी अमर्याद केली गेली, आणि मालमत्तेपुढचे सहा हजार मात्र कलम १४७मध्ये जसेच्या तसे उतरवले गेले. पुढे गाड्यांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, कायद्यातला आकडा मात्र कित्येक वर्षं हलला नाही. २००२च्या मोटार टॅरिफमध्ये खासगी गाडीसाठी साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण आलं खरं, पण त्यातही ग्राहकाला मर्यादा पुन्हा सहा हजारांवर आणायची मुभा होती. तसं केलं की हप्त्यात सूट किती? १०० रुपये.

यावर कुणी म्हणेल की जिवापुढे पत्र्याचं मोल ते काय. कायद्याने आधी माणसाचा विचार केला हे योग्यच झालं. मान्य. १९८२ साली मृत्यू झाल्यास चूक सिद्ध न करताही १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली, ती हवीच होती. पण सहाचे साठ हजार केले असते तर कुठल्या जखमीच्या भरपाईतला रुपया कमी झाला असता? पोच्याचा दावा अपघात न्यायाधिकरणापुढे नेता येतो, मात्र तिथे चूक सिद्ध करावी लागते. त्यासाठी पंचनामा, वकील, तारखा. ठोकणाऱ्याने ती शंभराची सूट घेतलेली असेल तर विमा कंपनीकडून मिळणार सहा हजार, उरलेले त्याच्या मागे लागून वसूल करायचे. एवढ्यासाठी कोण जाणार? मग ज्याच्याकडे ‘फुल इन्शुरन्स’ आहे तो स्वतःचाच क्लेम टाकतो. ज्याची गाडी जुनी आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टी, त्याला तेवढाही आधार नाही.

कंपन्यांनाही हे सोयीचंच होतं. दोघांच्याही पॉलिसी पूर्ण असतील तर ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाची दुरुस्ती करून द्यायची, एकमेकांकडे वसुली मागायची नाही, असा समझोता विमाधंद्यात जुना आहे. त्याचं समर्थनही वजनदार आहे : वादाचा खर्च वाचतो, आणि आज याने दिलं, उद्या त्याने, वर्षाअखेर बरोबरी होते. दोन चालत्या गाड्यांच्या टकरीत, जिथे दोष वाटून द्यावा लागतो, तिथे हे शहाणपणाचं आहे. उभ्या गाडीच्या बाबतीत मात्र बरोबरी होते ती कंपन्यांची. मालक क्लेममधली सक्तीची वजावट पदरची भरतो आणि वर पाच वर्षं सांभाळून ५० टक्क्यांवर नेलेला नो क्लेम बोनस शून्यावर येतो. ज्याने काहीच केलं नाही त्याचाच पुढचा हप्ता वाढतो.

जबाबदारी वसूल करणं कंपन्यांना जमत नाही असं समजू नये. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये एका पाहुण्याने मारुती झेन व्हॅलेकडे सोपवली आणि तिथून ती चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जोखमीवर असल्याचं छापलेलं होतं. विमा कंपनीने मालकाला २,८०,००० रुपये दिले, त्याचे हक्क स्वतःकडे घेतले आणि ती हॉटेलच्या मागे लागली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला आणि निष्काळजीपणा असेल तर चिठ्ठीवरची ओळ हॉटेलला वाचवू शकत नाही असं सांगितलं. पावणेतीन लाखांच्या वर रक्कम अडकली होती म्हणून कंपनी एकवीस वर्षांनीही तिथे उभी होती. दरवाज्याच्या पोच्याच्या फाइलवर सर्व्हेअरची सही झाली की ती बंद होते.