दूरच्या दफ्तराला विचारलेला प्रश्न

डेटाबेसमध्येच लिहून ठेवलेल्या आणि नाव घेताच चालणाऱ्या कार्यपद्धतीला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. पगार काढणे, तिकीट देणे, एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळती करणे अशी कामे तिच्यावर सोपवलेली असतात. लागणारी माहिती त्याच डेटाबेसमध्ये असेल तर अडचण नाही. ती दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्याच्या ताब्यातल्या डेटाबेसमध्ये असेल तर? आज हे काम एका ओळीत होते. पण त्या ओळीमागे अनेक दशकांचा एक वाद आहे. विचारणाऱ्यापासून अंतर लपवावे की त्याला ते दिसू द्यावे?

1970 साली आयबीएमच्या सॅन होजे येथील एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. माहिती डिस्कवर कुठे आणि कशी ठेवली आहे, हे विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही, हा त्यातला एक मुख्य विचार. मग पुढचा प्रश्न ओघाने आला. डिस्कवरची जागा लपवता येते, तर गाव का लपवू नये?

1970च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत यावर काम सुरू झाले. कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या ‘एसडीडी-1’ प्रकल्पाने तारेवरची वाहतूक कमी करण्याचा मार्ग शोधला. पूर्ण तक्ता मागवायचा नाही. आधी आपल्याकडचे क्रमांक पलीकडे पाठवायचे आणि जुळणाऱ्या ओळी तेवढ्या आणायच्या.

सॅन होजेच्या ‘आर-स्टार’ प्रकल्पाचा भर वेगळा होता. तिथे प्रत्येक ठिकाणाची स्वायत्तता महत्त्वाची मानली गेली. सगळ्यांची नोंदवही ठेवणारे एकच मुख्य केंद्र ठेवले नाही. तक्त्याच्या पूर्ण नावात त्याचे जन्मस्थान असे. तक्ता पुढे दुसरीकडे हलवला तरी नाव बदलत नसे, आणि तो सध्या कुठे आहे हे जन्मस्थानी विचारून कळत असे. कोणाला काय पाहू द्यायचे, हे ज्याचे दफ्तर त्यानेच ठरवायचे.

खरी कसोटी मात्र वाचण्यात नसून बदल करण्यात होती. इथल्या खात्यातून रक्कम वजा झाली, तिथे जमा करण्याचा हुकूम गेला आणि नेमकी लाइन तुटली, तर व्यवहार झाला की नाही? जिम ग्रे यांनी 1978 साली यावरील दोन टप्प्यांची पद्धत सविस्तर मांडली. आधी सर्वांना ‘तयार आहात का?’ विचारायचे, सर्वांचा होकार आला तरच पक्के करायचे. तिच्यातही एक अडचण उरते. होकार दिल्यावर निरोप्याशी संपर्क तुटला, तर होकार देणारा अडकून पडतो आणि त्या ओळी कुलूपबंद राहतात. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन यांनी आर-स्टारमधल्या सहकाऱ्यांसोबत ही पद्धत सुधारली. एका सुधारणेचा नियम असा की, पक्के झाल्याची नोंद सापडली नाही तर व्यवहार रद्द समजायचा.

पुढे ही सोय बाजारात आली. 1987च्या सुमारास सायबेसने स्टोअर्ड प्रोसीजर लोकप्रिय केल्या. 1992च्या ओरॅकल 7मध्ये त्या आल्या, आणि दोन टप्प्यांची पद्धतही. तक्त्याच्या नावापुढे ॲटचे चिन्ह व दुव्याचे नाव लिहिले की दूरचा तक्ता घरचा असल्यासारखा वापरता येऊ लागला. मायक्रोसॉफ्टने 1998च्या एसक्यूएल सर्व्हर 7मध्ये लिंक्ड सर्व्हर दिले. पोस्टग्रेसमध्ये 2011पासून परका तक्ता आपल्याच तक्त्यांच्या यादीत मांडता येतो.

अंतर लपले, पण संपले नाही. 1994 साली सन मायक्रोसिस्टिम्समधील चार अभियंत्यांनी आपल्या निबंधात हाच इशारा दिला होता. जवळची आणि दूरची वस्तू सारखीच समजून प्रोग्राम लिहिणे धोक्याचे आहे, कारण दूरचे काम अर्धवट बिघडू शकते. उत्तर न येणे म्हणजे ‘नाही’ असे उत्तर येणे नव्हे.

भारतीय रेल्वेचे उदाहरण याला जवळचे आहे. यंत्रणा वेगळ्या घाटाची होती, पण प्रश्न तोच. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच आरक्षण केंद्रांची दफ्तरे वेगवेगळी होती. 1990च्या दशकात ‘क्रिस’ने ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने ती जोडली. मुंबईच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राच्या गाडीची जागा मिळू लागली. अशा वेळी लाइन तुटली, तर एकच जागा दोघांना देणे किंवा रिकामी जागा अडवून ठेवणे, दोन्ही प्रवाशाचेच नुकसान.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. पुष्कळदा दुव्यातच एक ठरावीक नाव आणि पासवर्ड साठवलेला असतो. मग ज्याला ती प्रोसीजर चालवण्याची मुभा, तो त्या नावाने पलीकडे शिरतो. पलीकडच्या नोंदवहीत दुव्याचे नाव उमटते, माणसाचे नाही. ज्यांची माहिती त्या दफ्तरात आहे, त्यांना ती कोणी पाहिली हे विचारायचे झाले, तर उत्तर कोण देणार?

म्हणून मला आर-स्टारचा विचार आजही मोलाचा वाटतो. दूरची माहिती सहज मिळावी, पण ती दुसऱ्याच्या दफ्तरातली आहे याचा विसर पडू नये. प्रोसीजर लिहिणाऱ्याने किती वेळ वाट पाहायची, उत्तर आले नाही तर काय करायचे आणि कोणाच्या नावाने विचारायचे, हे आधीच ठरवलेले बरे. ती ओळ लिहायला सोपी झाली, म्हणून तिची जबाबदारी हलकी झालेली नाही.