स्वस्त की मुक्त? छोट्या लिनक्स लॅपटॉपचा इतिहास

नोव्हेंबर २००५. ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रांची माहिती समाज परिषद भरली होती. व्यासपीठावर सरचिटणीस कोफी अन्नान आणि एमआयटीच्या मीडिया लॅबचे सहसंस्थापक निकोलस नेग्रोपाँटे उभे होते. त्यांच्यापुढे हिरव्या रंगाचा एक चिमुकला लॅपटॉप होता आणि त्याच्या बाजूला पिवळा दांडा होता. वीज नसलेल्या गावातील मुलाने दांडा फिरवावा आणि संगणक चालावा, अशी ती कल्पना. अन्नान यांनी दांडा फिरवला आणि तो निखळून त्यांच्या हातात आला. प्रत्यक्ष उत्पादनात पुढे हा दांडा राहिलाच नाही.

‘शंभर डॉलरच्या लॅपटॉप’ची गोष्ट बहुतेक ठिकाणी या दांड्यापाशी सुरू होते आणि हसण्यावारी संपते. या धाग्याचा विषय मात्र त्याच महिन्यात बाहेर आलेली दुसरी एक बातमी आहे. अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आपली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, या लॅपटॉपसाठी विनामूल्य देऊ केली होती. प्रकल्पाने ती नाकारली. एकेक डॉलर वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या लोकांनी फुकट मिळणारी वस्तू परत केली. कारण तिचा मूळ संकेत खुला नव्हता. ती वापरता आली असती, उघडून बदलता आली नसती. अडीच वर्षांनी याच प्रकल्पाने याच्या नेमका उलट निर्णय घेतला. त्या दोन निर्णयांच्या मधल्या काळात काय घडले, ते पाहू.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जाहीर केला. दोन्हींमागचा परवाना वापरणाऱ्याला प्रती काढण्याची, बदल करण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा देतो. अट एकच: पुढे वाटणाऱ्याने हीच मुभा पुढच्यालाही द्यायची. ‘किंमत नसलेले’ आणि ‘बंधन नसलेले’ या दोन्ही अर्थांना इंग्रजीत एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने फार घोळ घातला. मराठीत ‘फुकट’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. आपल्याकडे हा घोळ व्हायचे कारण नव्हते, तरी झाला.

नेग्रोपाँटे यांच्या आधी हा प्रयत्न भारतात झाला होता, हे अनेकदा विसरले जाते. १९९८ मध्ये बंगळूर येथील एका परिसंवादातून ‘सिम्प्युटर’ची कल्पना निघाली. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय आणि एन्कोअर ही कंपनी यांनी तिला आकार दिला. २००१ मध्ये नमुना तयार झाला: हातात मावणारे, लिनक्सवर चालणारे, भारतीय भाषा बोलून दाखवणारे यंत्र. त्यात स्मार्ट कार्डाची खाच होती. यंत्र गावाचे, कार्ड ज्याचे त्याचे, म्हणजे एक यंत्र अनेकांना पुरावे. मला ही कल्पना नंतरच्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या घोषणेपेक्षा आपल्या परिस्थितीला अधिक जवळची वाटते. परंतु २००४ मध्ये ते बाजारात आले तेव्हा किंमत दहा हजार रुपयांच्या घरात होती आणि मोबाइल फोन खेड्यात पोहोचू लागले होते. काही हजार यंत्रे विकली गेली आणि विषय मिटला.

आता पुन्हा त्या हिरव्या लॅपटॉपकडे. २००७ च्या अखेरीस तैवानच्या क्वांटा कंपनीने ‘एक्सओ-१’चे उत्पादन सुरू केले. शंभर डॉलरचे वचन पाळले गेले नाही. किंमत १८८ डॉलर, त्या वेळच्या दराने साडेसात हजार रुपयांच्या आसपास. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण. हे आकडे तेव्हाही सामान्यच होते. असामान्य होता तो पडदा. मेरी लू जेप्सेन यांनी रचलेला हा साडेसात इंची पडदा भर उन्हातही वाचता येत असे. कळफलक रबरी, धूळ आणि पाणी सहन करणारा. देवनागरी अक्षरे छापलेला कळफलकही होता. वर दोन कानांसारखे अँटेना, ज्यांच्या साहाय्याने जवळपासची यंत्रे एकमेकांशी जोडली जात. आणि कळफलकावर एक विशेष कळ होती: ती दाबली की समोर चालू असलेल्या कार्यक्रमाचा मूळ संकेत मुलाला दिसावा, अशी योजना होती. ती सर्वत्र पूर्ण झाली नाही. पण जॉब्स यांचा देकार का नाकारला, याचे उत्तर त्या एका कळीत आहे.

भारत सरकारने मात्र २००६ मध्येच नकार दिला होता. केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी ही कल्पना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद ठरवली. वर्ग आणि शिक्षक यांची निकड आधीची, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. या नकाराची पुष्कळ टवाळी झाली. ती मला अन्याय्य वाटते. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने पेरूतील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत त्यामुळे काही फरक पडलेला आढळला नाही. याच मंत्रालयाने २००९ मध्ये तिरुपतीला ‘दहा डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून जे सादर केले, तो लॅपटॉपच नव्हता, माहिती साठवण्याचे एक उपकरण होते. टवाळी करायचीच तर ती इथे शोभते.

सरकारी नकारानंतरही ऑक्टोबर २००७ मध्ये भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला, आणि तो आपल्या महाराष्ट्रात: रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत. मुले यंत्रे घरी नेत. या यंत्राच्या ‘शुगर’ नावाच्या आवरणाचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केले. मराठीसाठी कोणत्या कंपनीची परवानगी घ्यावी लागली नाही, बाजारपेठ किती मोठी हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. त्याच सुमारास ‘लोहित’ हे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले होते आणि रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयात भारतीय भाषांचे काम चालत होते. ‘मुक्त’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच: वीस-बावीस मुलांच्या शाळेसाठीही ळ आणि अर्धा र नीट उमटवून घेता येतो.

पण धंद्याच्या जगाने या यंत्रापासून निराळाच धडा घेतला. छोटा आणि स्वस्त लॅपटॉप खपू शकतो, एवढाच. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या आसूस कंपनीने ‘ईई पीसी ७०१’ बाजारात आणला: सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी, ४ जीबी साठवण, वजन किलोपेक्षा कमी. त्यात झँड्रॉस नावाची लिनक्स होती. ती निवडण्यामागे मूळ संकेत दाखवणाऱ्या कळीसारखा कोणताही विचार नव्हता. विंडोज व्हिस्टा त्या ४ जीबीमध्ये मावणेच शक्य नव्हते आणि एक्सपीची विक्री मायक्रोसॉफ्ट बंद करणार होती. खुर्ची रिकामी होती म्हणून लिनक्स बसली. लोकांनी यंत्र उचलून धरले. पाठोपाठ एसर, एमएसआय, डेल, एचपी सारेच उतरले आणि ‘नेटबुक’ हा शब्द रूढ झाला.

मायक्रोसॉफ्टचे उत्तर एप्रिल २००८ मध्ये आले. छोट्या, स्वस्त लॅपटॉपपुरती एक्सपी जून २०१० पर्यंत विकली जाईल, असे तिने जाहीर केले. सवलतीला अटी होत्या: मेमरी १ जीबीपेक्षा अधिक नको, पडदा १०.२ इंचांपेक्षा मोठा नको. अट मोडली की सवलत गेली. त्यामुळे दोन-तीन वर्षे जगभर निघालेली नेटबुके जणू एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद वाचायला शिकवतात तशी वस्तूही वाचता येते. माझ्याकडच्या जुन्या नेटबुकात १ जीबी मेमरी आहे, ती त्या काळच्या तंत्रज्ञानाची मर्यादा म्हणून नव्हे. ते एका कराराचे कलम आहे, धातूत उमटलेले.

मे २००८ मध्ये एक्सओवरही विंडोज एक्सपी देण्याचा करार जाहीर झाला. परवाना सुमारे तीन डॉलर. यंत्रातील १ जीबी साठवण एक्सपीला अपुरी, म्हणून सोबत वेगळे मेमरी कार्ड. प्रकल्पाचे एक प्रमुख वॉल्टर बेंडर त्याआधीच, एप्रिलमध्ये, बाहेर पडले होते. त्यांनी ‘शुगर लॅब्ज’ स्थापन करून मुक्त आवरणाचे काम पुढे चालू ठेवले. अमेरिकेत २००८ च्या पूर्वार्धात नेटबुकांमध्ये विंडोजचा वाटा दहा टक्क्यांहून कमी होता. फेब्रुवारी २००९ पर्यंत तो ९६ टक्के झाला, असे मायक्रोसॉफ्टनेच बाजारसर्वेक्षणाचा हवाला देऊन सांगितले.

हा सगळा केवळ बलाढ्य कंपनीचा डाव होता, असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरे. लिनक्स असलेली नेटबुके एक्सपीच्या चौपट प्रमाणात परत येतात, असे एमएसआयच्या एका अधिकाऱ्याने २००८ मध्ये सांगितले. डेलचा अनुभव तसा नव्हता. पण दुकानदाराने ग्राहकाला ‘स्वस्त आहे’ यापलीकडे काही सांगितलेच नव्हते. उत्पादकांनी बसवलेल्या आवृत्त्याही अशा बंदिस्त की नवे सॉफ्टवेअर चढवताना नवखा माणूस हैराण व्हावा. मुक्त वस्तू फुकट म्हणून विकली गेली. मग समोरचाही जवळजवळ फुकट देऊ लागला, तेव्हा तिच्या बाजूने बोलायला मुद्दाच उरला नाही.

फरक कळला तो उशिरा. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला. लाखो नेटबुके, ज्यांचे कळफलक आणि पडदे धडधाकट होते, त्या दिवसापासून सुरक्षेच्या दृष्टीने निराधार झाली. तीच यंत्रे डेबियनसारख्या लिनक्सवर पुढेही चालत राहिली. पुराभिलेखागारात मोडी कागदांचे लिप्यंतर करताना मी अशाच एका जुन्या नेटबुकावर टिपणे घेतो. ब्राउझर त्याला झेपत नाही. दोन पाने उघडली की यंत्र धापा टाकते. पण साधा संपादक, इनस्क्रिप्ट कळफलक आणि पत्रव्यवहाराची तारीखवार यादी, एवढ्याला ते पुरून उरते, आणि अडगळीच्या टेबलावर दप्तराशेजारी सहज मावते. गौरव करण्यासारखे यात काही नाही. ते संथ आहे. फक्त त्याचे आयुष्य कधी संपले, हे मला कोणी कळवलेले नाही.

आजच्या स्वस्त छोट्या लॅपटॉपांतही लिनक्सच आहे. २०११ मध्ये विक्रीस आलेल्या क्रोमबुकांचा गाभा लिनक्सचा आहे, आणि अमेरिकेतील शाळांत ती मोठ्या संख्येने गेली. परंतु प्रत्येक क्रोमबुकाला अद्ययावतीकरण थांबण्याची तारीख असते आणि ती गूगल ठरवते. टीका झाल्यावर २०२३ मध्ये तिने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली.

डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली आहे. बाराव्या आवृत्तीला जून २०२८ पर्यंत दीर्घकालीन आधार आहे. त्यानंतर कोणाला ती चालवत ठेवायची असेल, तर मूळ संकेत खुला आहेच. करणारे हात मिळतात की नाही, हा प्रश्न उरतो. माझ्या नेटबुकावर सध्या बारावी आवृत्ती आहे.