सांता फे : वाडा आणि पाट

अमेरिकेच्या नैऋत्येस न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे हे लहानसे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर वसले आहे. तेथे काय पाहावे असे विचारता मातीच्या विटांची बुटकी घरे, मुख्य चौक व त्याच्या काठचा गव्हर्नरांचा जुना वाडा, एवढीच नावे बहुधा सांगितली जातात. आम्ही मात्र आधी पाट पाहा असे सुचवू.

'असेकिया माद्रे', म्हणजे आईपाट, याच नावाच्या रस्त्याच्या कडेने तो आजही दिसतो. 'असेकिया' हा शब्द स्पॅनिशांनी अरबांकडून घेतला. या प्रदेशात पाऊस बेताचा. मका, मिरची, फळबागा पाटावरच पोसल्या. वसंतात हक्कदारांनी मिळून पाट उपसावा आणि त्यांनी निवडलेल्या पाटकऱ्याने पाळ्या लावाव्यात, हा इकडचा जुना रिवाज.

शहर १६१० च्या सुमारास वसले. १६८० च्या ऑगस्टात पुएब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करून त्याला वेढा घातला आणि पाण्याचा पाट तोडला. वाड्याच्या भिंती उभ्याच होत्या; पण आत माणसे व जनावरे तहानेने व्याकूळ झाली. काही दिवसांतच गव्हर्नरास शहर सोडावे लागले. स्पॅनिश परतले ते बारा वर्षांनी. पुढे १८२१ मध्ये मेक्सिकोचा, १८४६ मध्ये अमेरिकेचा अंमल आला. पाण्याच्या पाळीची रीत मात्र टिकली.

आपल्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनीही राजे कोण होते हे विचारण्यापूर्वी पाणी कोठून येई व ते कोण वाटी, हे विचारून घ्यावे.