सेकंडहँड जीपची गोष्ट

चौक फाट्याजवळ एका गॅरेजबाहेर, जांभळाच्या झाडाखाली, एक जीप विकायला उभी आहे. महिंद्राची एमएम ५४०, फोर व्हील ड्राइव्ह, १९९६ चं मॉडेल. नंबर एमएच ०६, म्हणजे पेणचा. मालक अडीच लाख सांगतोय. गेले तीन रविवार काही ना काही निमित्त काढून मी तिथून जातोय. घरी विषय काढला तर बायको एवढंच म्हणाली, "पण ती न्यायची कुठे?"

मी म्हटलं, पावसाळ्यात अडीअडचणीला लागते. एखाद्या वाडीवर कुणी आजारी पडलं तर... तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मग मी आपला जीपच्या इतिहासात शिरलो. अवघड प्रश्न टाळायची माझी जुनी खोड!

जीप मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. मुंबईत १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र या महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. १९४७ मध्ये तिने विलीज जीपचे सुटे भाग आणून इथे जोडायला सुरुवात केली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं.

त्याच १९४८ मध्ये खुद्द भारत सरकार सेकंडहँड जीपच्या फंदात पडलं. काश्मीरमध्ये लढाई चालू होती, गाड्यांची निकड होती. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या २,००० जुन्या जीप घेण्याचा करार केला. पुढच्या वर्षी आल्या फक्त १५५, आणि त्याही लष्कराने वापरायच्या लायकीच्या नाहीत म्हणून नाकारल्या. संसदेत गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं, आणि १९५६ मध्ये मेनन मंत्रीही झाले. घाई आणि गरज एकत्र आली की जुनी गाडी कशी गळ्यात पडते, त्याचा हा सरकारी नमुना!

तेव्हा आपण तरी नीट बघावं म्हणून ओळखीच्या मेस्त्रीला घेऊन गेलो. तो बॅटरी घेऊन खाली शिरला. चासी बरी होती. पण बॉनेट उघडल्यावर म्हणाला, "दादा, इंजिन बदललेलं आहे." एमएम ५४० आली १९८५ मध्ये, प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन. पुढे पुष्कळांनी ते काढून महिंद्राचं डीआय बसवलं. गाडी चालते छान, पण आरसी बुकात त्याची नोंद नसेल तर फेरनोंदणीला अडतं. इथे ती नव्हती. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी फिटनेस बघून वाढवायची. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या मोटारींची ही फी १०,००० रुपये केली.

मग गिअरशेजारचा तो दुसरा दांडा. तो टाकला की पुढची चाकंही ओढू लागतात, आणि 'लो'मध्ये टाकला की वेग मरतो पण ताकद वाढते. चिखलात, नदीच्या गोट्यांत हे वरदान. कोरड्या डांबरावर मात्र वापरायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, आणि दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले असल्यामुळे सगळा ताण गिअरवर येतो.

म्हणजे प्रश्न पुन्हा तोच. न्यायची कुठे? आमच्या कर्जत तालुक्यातला छातीवर येणारा रस्ता म्हणजे नेरळ-माथेरान घाट. तो वर्षानुवर्षं ओम्नीच्या टॅक्सी चढत आल्या आहेत, दोन चाकांच्या जोरावर. आणि वर दस्तुरीला पोचलं की खासगी मोटार, कितीही चाकांनी ओढणारी असो, पुढे जाऊ देत नाहीत.

राहिली वाडीवरची अडचण. त्या जांभळाखाली उभं राहिलं की समोर इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता. जेसीबी वर नेता आला नाही. बचाव पथकं चिखलातून, पावसात, पायी चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली.

रस्ता आहे तिथे ओम्नी पोचते. इर्शाळवाडीला जीपही पोचली नसती. तिथे हवा होता तो रस्ता, किंवा माणसं आधीच सुरक्षित जागी आलेली असणं. माझ्या हौसेला मी त्या लोकांच्या अडचणीचं नाव देत होतो, हे त्या दिवशी गडाकडे बघताना लक्षात आलं, आणि जरा लाजच वाटली.

हौस असणं वाईट नाही. पण मग ती हौस म्हणूनच मोजावी, आणि अडीच लाखांची हौस, वर कागदपत्रांचा घोळ, मला परवडत नाही. या रविवारी मालकाला तसं सांगून येईन.

जांभळं पिकली असतील तर थोडी घेऊनही येईन.