पाँडिचेरीत उलगडलेला जोडतारा

मे महिन्यात रात्री दक्षिण क्षितिजाजवळ नरतुरंग दिसतो. मित्र हा त्यातला सर्वांत तेजस्वी तारा, शेजारी मित्रक. डिसेंबर १६८९ मध्ये फ्रेंच जेझुइट पाद्री ज्याँ रिशो पाँडिचेरीहून धूमकेतू पाहत होते. दुर्बीण मित्राकडे वळली आणि एका ताऱ्याच्या जागी दोन दिसले!

पुढे थॉमस हेंडरसन यांनी १८३२-३३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून मित्राची मोजमापे घेतली, पण अंतर जाहीर केले १८३९ मध्ये. आदल्याच वर्षी बेसेल यांनी हंसातल्या एका ताऱ्याचे अंतर सांगून पहिला मान मिळवला होता. १९१५ मध्ये रॉबर्ट इनेस यांना मित्राचा तिसरा सोबती सापडला. सूर्याला सर्वांत जवळचा तारा तोच, सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर.

या शोधसाखळीची पहिली कडी मात्र आपल्या किनाऱ्यावरची आहे.