कंसातली नावं

हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर माणसाचं नाव पुसत नाहीत, कंसात टाकतात. जमीन विकली, वाटून दिली, की धनी देवाघरी गेला, कारण काहीही असो. तलाठी जुन्या नावाला कंस करतो, खाली नवं नाव लिहितो आणि शेजारी फेरफाराचा नंबर गोलात टाकतो. जुना उतारा कंसातूनच वाचायचा, हे मला मामांनी शिकवलं.

मामा राळेगणसिद्धीचे. वय ऐंशीच्या पुढं. आजोळच्या रानाचे जेवढे मिळाले तेवढे जुने उतारे आणि फेरफार घेऊन मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. गट नंबर वाचला तर म्हणाले, "ते नंबर-बिंबर मला सांगू नको. कुठलं रान ते सांग. विहिरीचं का माळाचं?" गट एकत्रीकरणात पडले, त्याआधी सर्व्हे नंबर होते, आणि मामांच्या लेखी त्या दोन्हींच्या आधी 'विहिरीचं', 'माळाचं' आणि 'आंब्याची पट्टी' होती. मी कागदावरून सांगायची, ते बोटानं दिशा दाखवायचे.

पहिली गोष्ट त्यांनी सावकाराच्या कागदांची सांगितली. त्यांच्या आजोबांनी म्हणे रात्री गावोगावच्या माणसांबरोबर जाऊन गहाणखतं जाळली. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आला, हे खरं. पण सालाचा हिशेब धरला तर ते आजोबा नसून पणजोबा असणार. मी वाद घातला नाही. रयतवारीनं शेतकऱ्याच्या नावावर सर्व्हे नंबर लावला, तेव्हाच तो नंबर गहाण टाकायची आणि कोर्टातून लिलावात काढायची वाटही उघडली. अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाला भाव चढला होता, तो युद्ध संपताच कोसळला आणि त्यातच सारा वाढला. लोकांनी माणसं फारशी मारली नाहीत, कागद जाळले. १८७९ला शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला.

१९५७ची गोष्ट सांगताना मात्र मामांचा आवाज खाली आला. त्या वर्षीच्या १ एप्रिलला, कृषक दिनाला, कूळकायद्यानं कसणारा मालक मानला गेला. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, एका पाहुण्याचं रान कितीतरी वर्षं बटईनं करत होते. "पण तोंडी. पाहुणा म्हणला, आपल्या-आपल्यात कागद कशाला? पीकपाहणीला नाव लागलंच नाही." कसेल त्याची जमीन खरी, पण कसलं हे ज्याच्या बारा नंबरात लागलं त्याचीच. आजोबांनी पुढं त्या पाहुण्याच्या घरचं पाणी घेतलं नाही, एवढाच काय तो निकाल.

बहात्तरच्या दुष्काळात थोरले मामा मुंबईला गिरणीत गेले. बाकीचे खडी फोडायला. जाताना थोरले म्हणाले होते, माळाचं तूच बघ, मला काय करायचंय. आणि खरंच, त्या माळाला विचारत होतं कोण? हातभट्ट्यांचं गाव अशी तेव्हा राळेगणची ओळख. १९७५ला सैन्यातून निवृत्त होऊन किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे परत आले, स्वतःच्या पैशातून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं, तिथंच राहिले. मग नालाबांध, समतल चर, झाडं. अण्णांनी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत पाहिली होती. तिथं पाणी जमिनीच्या मापानं नव्हे, माणसांच्या संख्येनं वाटायचं आणि भूमिहीनालाही वाटा. ऐंशीच्या दशकात गावातल्या दलित कुटुंबांचं कर्ज थकलं तेव्हा गावानं त्यांच्या रानात श्रमदानानं पिकं काढून ते फेडलं. त्या नावांना कंस पडला नाही. राळेगणवरच्या शंभर भाषणांपेक्षा मला ही एक गोष्ट मोठी वाटते.

पण विहिरींना पाणी आलं, तसं मोजणीवालेही आले. थोरले मामा मुंबईहून उतरले, ते सरकारी मोजणीचे पैसे भरूनच. "मी त्याला म्हणलं, दादा, बांधावर बोराटी होती तवा कुठं होतास?" मामा हसले, पण ओठानंच. पाणी आलं आणि नावं परत आली. पुढच्या उताऱ्यावर हिस्से पडलेले दिसतात: आणे जाऊन आर आले, एका गटाचे तीन पोटहिस्से, वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे. १९७०-७१ला महाराष्ट्रात सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ला १.३४. खुद्द अण्णांनी २०११ला, लोकपालाच्या मसुद्याच्या वेळी, जाहीर केलेलं वडिलोपार्जित रान ०.०७ हेक्टर, म्हणजे सात आर. तेही भावांकडं.

आता नगर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सुप्याला एमआयडीसी झाली, नगर-पुणे रस्त्याकडेच्या रानाला भाव आला, आणि शेतकरी असल्याचा दाखला शोधत बाहेरचे लोक येतात. याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं ठरवून टाकलं, बाहेरच्याला जमीन विकायची नाही. मामांना ते पटतं. त्यांच्या नातवाला पटत नाही, आणि त्याचंही मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. वीस गुंठ्यांत तो काय पेरणार? तो सातबारा फोनवरच काढतो. पूर्वी त्याच कागदासाठी चावडीत दिवस मोडायचा. कागद मागायचा हक्क नंतर आला: माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२चा, देशाचा २००५चा. राज्याच्या कायद्यामागं अण्णांचं आंदोलन होतं हे नातवाला माहीत आहे, पण त्याला त्याचं अप्रूप नाही.

शेवटचा कागद मी मुद्दामच खाली ठेवला होता. आजोबा गेल्यावरची वारसनोंद: आजी, दोन्ही मामा, मावशी, आई. लेकीला वाटा १९५६च्या वारसा कायद्यानं होताच. १९९४ला महाराष्ट्रानं तिला मुलासारखा जन्मानंच हक्क दिला, पण आधी लग्न होऊन गेलेल्यांना वगळून. ती अट २००५ला देशाच्या कायद्यानं गेली. शेतकरी नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेची माणसं गावोगाव बायकांची नावं सातबाऱ्यावर लावत फिरत होती, तेही १९९४च्या आधीपासून. आणि आमच्याकडं वारसनोंदीनंतर सहा महिन्यांत हक्कसोड. आईच्या नावाला कंस, मावशीच्या नावाला कंस. आई कधी त्याबद्दल बोलली नाही. माहेर तुटू नये, एवढंच म्हणायची. दिवाळीला साडी येत राहिली.

"वाच की," मामा म्हणाले.

मी आईचं नाव वाचलं. मग गोलातला नंबर वाचायला कागद जवळ धरला, शाई फिकी झाली होती.

"सातशे अठ्ठेचाळीस," मामा म्हणाले.